स्कीची लिफ्ट चालते उन्हावर. उरलेली वीज विकून गावाला कमाई

स्वित्झर्लंडमधलं टेन्ना हे डोंगरातलं छोटंसं गाव. हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याचा खेळ, म्हणजे स्की खेळायला इथे लोक येतात. त्यांना उतारावरून वर ओढून नेणारी लिफ्ट गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेची आहे. ही लिफ्ट जुनी झाली. नवी बसवायची तर खर्च मोठा आणि लिफ्टच नसेल तर पाहुणे येणार कशाला? गावाने मार्ग काढला. २०११ मध्ये थेट सौरऊर्जेवरची लिफ्ट उभी केली. अशी ही जगातली पहिलीच.

पॅनल छतावर नाही, तारांवर

सुमारे ४५० मीटर लांबीच्या या लिफ्टच्या वर दोन तारा ताणून त्यांवर सोलर पॅनल बसवले आहेत. सूर्य सरकेल तसे ते वळतात. बर्फ साचला की तिरके होतात आणि बर्फ खाली घसरतो. थंडीत वीज कशी तयार होणार, असं कुणालाही वाटेल. पण पॅनलला ऊन लागतं, उष्णता नाही. उलट पॅनल तापले की वीज कमी मिळते. शिवाय पांढऱ्या बर्फावरून परावर्तित होणारा उजेडही कामी येतो.

खरी कमाई हंगाम संपल्यावर

साखर कारखान्याचा जसा गळीत हंगाम, तसा लिफ्टचा हंगाम बर्फाचा. ती वर्षातले काही महिनेच चालते, ऊन मात्र बारा महिने. वर्षाला साधारण ९० हजार युनिट वीज तयार होते. लिफ्टला लागते त्यापेक्षा ही कितीतरी जास्त. उरलेली वीज ग्रीडला विकली जाते आणि त्या पैशांतून खर्चाला हातभार लागतो.

जागा पाहून पर्याय

सगळीकडे सौरऊर्जाच परवडेल असं नाही. अमेरिकेतल्या जिमिनी पीक रिसॉर्टच्या डोंगरावर वारा जोरात, म्हणून तिथे २००७ मध्ये दीड मेगावॅटची पवनचक्की बसवली. ती रिसॉर्टची सुमारे एक तृतीयांश गरज भागवते. कोलोरॅडोतल्या स्नोमासला कृत्रिम बर्फ तयार करण्यासाठी पाइपलाइन होतीच. २००४ मध्ये तिलाच ११५ किलोवॅटचं छोटं जनित्र जोडलं. बर्फ वितळला की त्याच पाइपमधून उतरणाऱ्या पाण्यावर वीज तयार होते.

तिन्ही ठिकाणी आधी पाहिलं ते एकच: आपल्याकडे ऊन, वारा, पाणी यातलं काय भरपूर आहे आणि हंगाम नसताना तयार होणारी वीज जाणार कुठे. ती घेणारी ग्रीड जवळ नसेल, तर टेन्नासारखं गणित जुळत नाही.