पंचायतीपर्यंत आलेली तार

गेल्या वर्षी बोईसर स्टेशनजवळ अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात मी दोन तास उभा होतो. माझ्यासोबत डोंगराकडच्या एका बौद्धवाड्यातली मुलगी होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. तिच्या वस्तीत टेकडीवर चढल्याशिवाय मोबाइलला रेंज मिळत नाही. आईच्या मजुरीतून भाडे आणि दुकानदाराचे पैसे काढून ती आली होती. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. आज तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. हक्क जुना आहे, पण त्याचे दार आता तारेच्या टोकाला बसवले आहे.

ही तार कुठवर आली? केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. तिचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून घेतलेल्या ५ टक्के आकारणीचा, म्हणजे शेवटी तुमच्याआमच्या रिचार्जचा. परंतु तार मुख्यतः पंचायतीच्या कचेरीपर्यंतच न्यायची, असे ठरले. पुढचा टप्पा कंपन्यांवर सोडला. कंपनी घरे मोजते, खिसे मोजते. आपली वस्ती गावठाणापासून दूर का, हे या वाचकांना सांगायला नको.

मग उपाय कोणते? प्रकाशतंतू एकदा पुरला की टोकाची यंत्रे बदलून त्याची क्षमता वाढवता येते. पण खोदाईचा खर्च मोठा. टॉवरच्या लहरी डोंगर अडवतो, आणि त्याची क्षमता सर्वांत वाटली जाते. उपग्रह मोखाड्याच्या दरीतही पोहोचेल, पण त्याची तबकडी मजुराला परवडणारी नाही. म्हणून माझ्या मते पंचायतीपर्यंत तंतू आणि तिथून खांबावरच्या बिनतारी यंत्राने शाळेत व समाजमंदिरात जोडणी, हाच आजचा मार्ग. डिसेंबर २०२० च्या 'पीएम-वाणी' योजनेत साधा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटची १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर झाली. तीत तार वर्तुळाकार टाकायची आहे. एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क राहावा म्हणून. पंचायतीपलीकडच्या गावांनाही जोडणी मिळेल, मात्र 'मागणी केल्यास'. कार्यकर्त्यांनी हे दोन शब्द नीट वाचावेत. मागणी कोण करणार? ज्याचा आवाज ग्रामसभेत ऐकला जातो तो.

तारापूरच्या अणुभट्ट्या १९६९ पासून वीज देत आहेत. पुढच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांनी घरे सोडली. जमीन देणाऱ्याच्या दारी लाभ आपोआप येत नाही, हा इथला अनुभव आहे. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोल्यांचा ठराव १९२३ मध्ये झाला. चवदार तळ्यावर माणसांना १९२७ मध्ये स्वतः चालत जावे लागले.

येत्या ग्रामसभेत एवढेच विचारा: पंचायतीतले यंत्र चालू आहे काय? नसेल तर कधीपासून बंद आहे? आणि आमच्या वस्तीच्या जोडणीची मागणी ठरावात कधी लिहिणार? उत्तर तोंडी घेऊ नका.