चार वाजून चव्वेचाळीस मिनिटे

वर्तमानपत्राच्या धंद्यात माझी पस्तीस वर्षे गेली आणि त्यांतली निम्मी तरी मुलाखती घेण्यात. नवा चित्रपट लागायच्या आधल्या आठवड्यात नटमंडळी एकाएकी किती मनमोकळी होतात, हे मला कोणी सांगायला नको. एका नामवंत नटाने बालपणीच्या दारिद्र्याची हकीकत मला डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. तीच हकीकत, त्याच ठिकाणी तेच पाणी आणून, त्याने त्या दिवशी आणखी चौघांना ऐकवल्याचे संध्याकाळी कळले. तेव्हापासून ज्याला काही विकायचे आहे त्याच्या अश्रूंकडे मी जरा तिरक्या नजरेनेच पाहतो. आज ज्या गृहस्थांविषयी लिहायचे आहे, ते विक्रीच्या कलेत त्या नटाला शिकवणी ठेवतील असे आहेत.

नाव जे-झी. हे अमेरिकेतले रॅप गाणारे. रॅप म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपल्या कलगी-तुऱ्याचा फड आठवावा: ताल जोरात, शब्दांची सरबत्ती, आणि समोरच्याला ललकारून स्वतःची थोरवी गाणे. आपल्याकडच्या वरातींत हमखास वाजणाऱ्या 'मुंडियां तो बच के' या पंजाबी गाण्याच्या २००३ सालच्या एका आवृत्तीत मध्येच इंग्रजीतून बोलणारा जो आवाज येतो, तो यांचाच. खरे नाव शॉन कार्टर, जन्म १९६९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या मार्सी नावाच्या सरकारी वसाहतीत. लहानपणीच वडील घर सोडून गेले. तरुणपणी या स्वारीने क्रॅक नावाचा अमली पदार्थ विकला, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. कोणतीही कंपनी गाणी घेईना, तेव्हा दोन मित्रांबरोबर स्वतःचीच कंपनी काढून १९९६ साली पहिला अल्बम बाहेर आणला. पुढे कपड्यांचा धंदा काढला आणि त्याचे हक्क २००७ साली वीस कोटी चाळीस लाख डॉलरना विकले. २०१९ साली 'फोर्ब्स' मासिकाने त्यांना हिप-हॉपच्या दुनियेतले पहिले अब्जाधीश ठरवले. थोडक्यात, दुकानदार पक्का.

या दुकानदाराने २०१३ साली नवा अल्बम कसा विकला ते पाहण्यासारखे आहे. नाव ठेवले 'मॅग्ना कार्टा होली ग्रेल'. १६ जूनला बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेतला एक सामना ऐन रंगात असताना दूरदर्शनवर तीन मिनिटांची जाहिरात झळकली. सॅमसंग कंपनीने पाच डॉलरला एक या दराने दहा लाख प्रती आगाऊ घेतल्या होत्या आणि त्या ती आपल्या फोनधारकांना फुकट वाटणार होती. म्हणजे एकही प्रत दुकानात जाण्यापूर्वी पन्नास लाख डॉलर खिशात! ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने त्यासाठी आपला नियमही बदलला. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने मात्र फुकट वाटलेल्या प्रती मोजायला साफ नकार दिला. अल्बमचे मुखपृष्ठ इंग्लंडात सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये १२१५ सालच्या अस्सल मॅग्ना कार्टाच्या शेजारी मांडले गेले. १० जुलैला न्यूयॉर्कच्या पेस गॅलरीत स्वारीने एकच गाणे सहा तास म्हटले, एकेका प्रेक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवून; आणि त्याचीही फिल्म निघाली. सारा थाटमाट झाला. पण या सगळ्या गाजावाजातून तो माणूस कसा आहे, याचा मला तरी कणभर पत्ता लागला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही तर पन्नास लाखांची!

ती मूठ उघडली २०१७ साली.

मधल्या काळात घरात आग लागली होती. पत्नी बियॉन्से ही त्यांच्याहूनही मोठी गायिका. लग्न २००८ चे. त्या लग्नाविषयी दोघेही अवाक्षर काढत नसत. मग २०१४ साली एका हॉटेलच्या लिफ्टमधली फिल्म बाहेर फुटली: मेहुणी जे-झींवर हातापायांनी तुटून पडली आहे आणि बियॉन्से बाजूला उभी आहे. २०१६ साली बियॉन्सेने 'लेमोनेड' हा अल्बम काढला. त्यात फसवल्या गेलेल्या बायकोचा संताप होता. नाव कुणाचेच नव्हते, पण कळायचे ते सगळ्यांना कळले. आता यातली खुबी पाहा. हा अल्बम तेव्हा घरबसल्या स्ट्रीमिंगवर ऐकायचा तर टायडल या एकाच सेवेवर, आणि टायडल ही जे-झींनी २०१५ साली पाच कोटी साठ लाख डॉलरना विकत घेतलेली! म्हणजे नवऱ्याच्या अपराधाचे गाणे विकले गेले ते नवऱ्याच्याच दुकानात. असा हिशेब मी दुसरा पाहिलेला नाही.

३० जून २०१७ ला जे-झींचा जबाब आला: '४:४४'. पहाटे चार वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी जाग आली आणि ते गाणे लिहिले गेले, म्हणून हे नाव. त्यात पत्नीची उघड क्षमायाचना आहे. विक्रीचा मामला याही वेळी चोख होता, फक्त सॅमसंगच्या जागी स्प्रिंट ही दूरध्वनी कंपनी आली. मात्र या वेळी सामन्यातली तीन मिनिटांची जाहिरात नव्हती की गॅलरीतले सहा तास नव्हते. मुलाखती आल्या त्या मागाहून, एकेक करून. ऑगस्टमधली 'रॅप रडार'ची लांबलचक मुलाखत पुन्हा टायडलवरच.

मला महत्त्वाची वाटते ती 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या 'टी' मासिकासाठी संपादक डीन बॅके यांनी घेतलेली. बॅके हे त्या पत्राचे पहिले कृष्णवर्णीय कार्यकारी संपादक. समोर पत्रकार नवखा नसला की मुलाखत वेगळी होते. इथे जे-झी स्पष्ट सांगतात की मी पत्नीशी प्रतारणा केली आणि मानसोपचार घेतले. तसल्या वस्तीत वाढताना जगायचे तर भावना बंद करून ठेवाव्या लागतात, त्या मग बायकोपाशीही उघडत नाहीत, असे ते म्हणतात. आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांच्या वस्तीत 'माझ्याकडे का बघतोस?' एवढ्यावरून मारामाऱ्या होत. उपचारांत त्यांना उमगले की असे विचारणाऱ्याच्या पोटात दुखणे असते; ते समोरच्याला दिसले असे त्याला वाटते आणि म्हणून तो अंगावर येतो. ज्या माणसाने आयुष्यभर बडेजावाची गाणी गायली त्याने हे बोलावे!

माझ्यातला जुना बातमीदार लगेच तारखा पाहतो. ग्रॅमी पारितोषिकांची नामांकने जाहीर झाली २८ नोव्हेंबरला, त्यांत जे-झींची आठ. ही मुलाखत प्रसिद्ध झाली २९ नोव्हेंबरला. शिवाय त्यांचा कार्यक्रमांचा दौराही तेव्हा चालूच होता. मग हेही त्या नटाचे पाणीच का?

मला तसे वाटत नाही. गवळी दूध विकतो एवढ्यावरून ते पाणी ठरत नाही. पाणी किती ते पाहावे लागते. विकायला बसलेला माणूस सहसा असेच सांगतो की ज्याने तो आहे त्याहून उंच दिसेल. इथे सांगणारा खाली उतरतो, आणि उतरताना बायकोवर किंवा मेहुणीवर काही ढकलत नाही. एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. कबुली आली ती बायकोने सगळे गाऊन टाकल्यावर. चोरी उघडकीला आल्यावर दिलेल्या जबाबाला किती गुण द्यायचे, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरावे. माझ्या घरी पुरुषमंडळींनी जास्त दिले, बायकांनी कमी.

२७ जानेवारी २०१८ ला सीएनएनवर व्हॅन जोन्स यांच्या नव्या कार्यक्रमाचे पहिले पाहुणे हेच होते. तिथे ते राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याविषयी बोलले. पैसा म्हणजे सुख नव्हे, माणसाला माणसासारखे वागवा, असेही म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रम्प यांनी ट्विटरवरून उत्तर दिले की माझ्या धोरणांमुळे कृष्णवर्णीयांतली बेकारी कधी नव्हे इतकी उतरली, हे कोणीतरी त्यांना कळवा. त्याच दिवशी संध्याकाळी ग्रॅमीचा समारंभ झाला. आठ नामांकनांपैकी एकही पारितोषिक मिळाले नाही.

एप्रिलमध्ये डेव्हिड लेटरमन यांच्यासमोर ते पुन्हा दिसले. लेटरमन यांनी स्वतः २००९ साली आपल्याच कार्यक्रमात असल्याच अपराधाची कबुली दिली होती. त्यामुळे हे बोलणे यजमान-पाहुण्याचे न राहता दोन अपराधी नवऱ्यांचे झाले. इथेच जे-झींनी आईची गोष्ट सांगितली. आपले प्रेम एका स्त्रीवर आहे, हे तिने मुलाला सांगितले तेव्हा तो रडला. लाजेने नव्हे, तर आता ती मोकळी झाली म्हणून. अल्बममधल्या 'स्माइल' या गाण्याच्या शेवटी तिचा स्वतःचा आवाज आहे.

१६ जून २०१८ ला नवरा-बायकोचा एकत्र अल्बम आला. लंडनमधला दोघांचा कार्यक्रम संपत असताना पडद्यावरच तो जाहीर झाला, आणि तेव्हाच टायडलवर ऐकायलाही मिळू लागला. आगाऊ जाहिरात नव्हती, मुलाखतही नव्हती.