धनुष्य घडताना (भाग ७) : तयार धनुष्याचा जोर वाढवायचा तर

मागच्या भागाअखेर आपलं धनुष्य तयार झालं. दोन्ही भुजा सारख्या वाकू लागल्या, खाचा बसल्या, तेलाचा हातही फिरला. आता काट्याला लावलं, तर ३५ पौंडांचं करायला घेतलेलं धनुष्य २८ वरच अडतं. घरी धनुष्य घडवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे येतं. एक भुजा जरा ताठ वाटते म्हणून ती खरवडायची, मग दुसरी ताठ वाटू लागते म्हणून तिलाही; समतोल साधेपर्यंत जोर निघून गेलेला असतो. भुजेचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. १६ मिलिमीटर जाडीतला एक मिलिमीटर गेला की ताठपणा सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो, आणि एक मिलिमीटर म्हणजे काचेच्या तुकड्याचे काही हात.

उपायाआधी मोजमाप नीट झालं पाहिजे. मूठ मजबूत खुंटीवर अडकवा, दोरीच्या मध्याला आकड्याचा स्प्रिंगकाटा लावा आणि आपल्या ओढीइतकं खाली ओढा. बाजारात मासळी तोलायला असतो तो काटा चालतो. एक किलो म्हणजे २.२ पौंड. ओढ आधी पट्टीवर खुणावून ठेवा, कारण एवढ्या जोराच्या धनुष्याला शेवटच्या टप्प्यात दर इंचाला एक-दीड पौंड चढतो. २४ इंचांवर मोजून २६ चा आकडा सांगणाऱ्याचं धनुष्य कागदावर उगाच दुबळं ठरतं. दोरीला चार पीळ जास्त देऊन जोर वाढल्याचं समाधानही मानू नका. दोरी आखूड झाली की काटा किंचित वर जातो खरा, पण बाणाला ढकलण्याचं अंतर कमी होतं आणि वेग वाढण्याऐवजी घटतो.

आता आपल्या भंडाऱ्याच्या हवेकडे या, कारण माझ्या मते हरवलेल्या जोराचा पहिला तपास इथेच करायला हवा. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपासच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडातला ओलावा सहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. रोवणीच्या दिवसांत, हवेत आर्द्रता ८० टक्क्यांवर असताना, तेच लाकूड १६ टक्क्यांपर्यंत पाणी धरतं. धनुष्याला आठ ते दहा टक्के मानवतात. ओलं लाकूड ओढलं की पोटाकडचे, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेल्या बाजूचे तंतू दबतात आणि तसेच दबलेले राहतात. दोरी उतरवल्यावरही भुजा आपल्याकडे झुकलेल्या दिसतात, तो हाच कायमचा बाक. धामणीची कांडी असो की मानवेल बांबूची फाक, श्रावणात घडवलेल्या धनुष्यात हा दोष हमखास येतो.

तेव्हा दोरी उतरवा आणि धनुष्य आधी सुकवा. जिथे अजून चूल पेटते त्या घरात आढ्याजवळची जागा उत्तम. धुरामुळे बांबूला भुंगाही लागत नाही. नसेल तर बंद कपाटात एक ६० वॅटचा बल्ब लावून ठेवा. दर दोन दिवसांनी अख्खं धनुष्य स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की बाहेर काढा आणि सावलीत चार दिवस राहू द्या. फार कोरडं धनुष्य लगेच ओढलं तर कडकन मोडतं. नुसत्या सुकवण्याने काही पौंड परत येतात, आणि त्यात लाकडाचं काहीच खर्ची पडत नाही.

एवढ्याने भागलं नाही तर पोट शेकायचं. जाड फळीवर धनुष्य बांधा, पोट वर ठेवून आणि मुठीखाली ठोकळा देऊन, दोरीच्या उलट दिशेला थोडा बाक राहील असं. मग पोटाकडून हीट गन चार बोटांवर धरून अगदी सावकाश सरकवत न्या. रंग फिकटातून बदामी होत जातो, बांबूला गुळासारखा वास सुटतो. धूर दिसला की उशीर झाला समजा. दुसरा हात पाठीवर ठेवायचा. पाठ इतकी तापली की हात टिकत नाही, तर थांबायचं, कारण पाठ ताण सोसते आणि शेकलेली पाठ ठिसूळ होते. उष्णतेने लाकडातला पाणी धरून ठेवणारा घटक मोडतो, पोट दाबाला जास्त ताठ होतं आणि मुडपलेला बाकही सरळ होतो. शेकल्यानंतर निदान आठवडाभर दोरी चढवू नका.

तिसरा उपाय टोकं कापण्याचा. ६६ इंचांच्या धनुष्याची दोन्ही टोकं एकेक इंच कापली, तर हिशेबाने जोर साधारण दहा टक्के वाढतो, म्हणजे ३० पौंडांवर तीन. पण तीच ओढ आता आखूड भुजांनी सोसायची. मुठीतही वाकणाऱ्या धनुष्याची लांबी ओढीच्या दुपटीपेक्षा दहा टक्के तरी जास्त हवी. २६ इंच ओढणाऱ्याने ५७-५८ इंचांच्या खाली जाऊ नये, आणि मूठ ताठ असेल तर त्याच्या बरंच आधी थांबावं. बांबूत नवी खाच पेरावर येणार नाही हे पाहा. कापल्यावर समतोल पुन्हा तपासा, पण सुरी हातात न घेता. खरवडायला बसलात की मिळवलेले तीन पौंड तिथेच जातील.

पाठीवर पट्टी चिकटवण्याचा सल्ला सगळ्यात आधी दिला जातो. मी तो शेवटी ठेवतो. १६ मिलिमीटरच्या भुजेवर दोन मिलिमीटर चढवले तर ताठपणा ४२ टक्क्यांनी वाढतो. बांबूची साल ताणाला इतकी जबर असते की पोटाचं लाकूड तिच्यापुढे हरतं आणि पोटावर केसासारख्या आडव्या सुरकुत्या उमटतात. त्या दिसल्या की धनुष्य संपलं. करायचंच तर पट्टी एक मिलिमीटरची आणि भुजेपेक्षा अरुंद घ्या. जनावरांच्या स्नायुरज्जूंच्या तंतूंची पाठ सरसाने बसवण्याची जुनी रीत फार देखणी आहे, पण सरस आपल्या पावसात सैल पडतो. हिंदुस्थानात पूर्वी पोलादी धनुष्यं घडवली गेली, त्यामागे दमट हवेत शस्त्रागारात पडून राहण्याचा हा प्रश्नही होता.

‘इंडियन राउंड’ या तिरंदाजीच्या स्पर्धाप्रकारात बांबूच्या धनुष्याने नेम धरणाऱ्या मुलांच्या पालकांना एक विनंती. मूल वाढलं म्हणून त्याचं जुनं धनुष्य जबरदस्तीने दहा पौंडांनी चढवू नका. पाच पौंडांपर्यंत वरचे उपाय पुरतात, त्यापुढे नवी कांडीच घ्यावी. खांदा दुखावलेलं मूल पुढे वर्षभर वाकडं ओढायला शिकतं.

वाढलेला जोर तपासताना पहिल्या वीस-तीस ओढी अर्ध्यापर्यंतच ठेवा आणि धनुष्य चेहऱ्यासमोर धरू नका. त्यासाठी मोकळं, रिकामं शेत निवडा. कोका अभयारण्याच्या हद्दीत धनुष्यबाण घेऊन शिरू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात धनुष्यबाण शस्त्रातच मोडतो. जुने बाणही बाजूला ठेवा, २८ पौंडांना जुळलेला बाण ३३ ला डगमगतो. बाणाच्या कांडीचा ताठपणा कसा तपासायचा आणि कसा बदलायचा, ते पुढच्या आठवड्यात.