उलटवून पुन्हा मोजा: एक रेसकार आणि आमच्या सोसायटीचं पार्किंग

गेल्या डिसेंबरात रात्री दहाला मावसभावाचा फोन आला. "ताई, तू फिजिक्सवाली ना? जरा खाली ये." सानपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये तो आणि त्याच्या कॉलेज टीममधली चार पोरं एका उघड्या, छोट्या रेसकारभोवती उकिडवी बसली होती. कॉलेजची वर्कशॉप रात्री बंद, म्हणून गाडी टेम्पोत घालून इथे आणलेली. सेक्रेटरी काकांकडून दोन रात्रींची परवानगी. जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' आणि गाडी सरळ रस्त्यावर उजवीकडे ओढत होती.

किट कार म्हणजे सुट्या भागांचा संच आणून घरी जोडायची गाडी. इंग्लंडमध्ये १९५७ च्या लोटस सेव्हनने हा छंद लोकप्रिय केला. आपल्याकडे अशी गाडी जोडून रस्त्यावर आणणं कायद्याने कठीण, त्यामुळे तो रुजला नाही. स्वतः गाडी बांधून तिची चाकं स्वतः जुळवायचा अनुभव इथे मुख्यतः बाहा आणि फॉर्म्युला स्टुडंटच्या पोरांनाच मिळतो. तुमच्यापैकी अनेक जण कधी गाडीखाली शिरणार नाहीत, तरी वाचा. त्या रात्री जे चुकलं ते प्रयोगशाळेत रोज चुकतं.

आधी दोन शब्द. समोरून पाहिलं की चाक उभ्या रेषेपासून जेवढं कललेलं असतं तो कॅम्बर. वरचं टोक आत झुकलं तर ऋण. वरून पाहिलं की चाकांची तोंडं किंचित आत किंवा बाहेर वळलेली असतात तो टो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, तेव्हा बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट बसावं म्हणून थोडा ऋण कॅम्बर ठेवतात. पोरांना दोन्ही पुढच्या चाकांना उणे १.५ अंश हवा होता.

त्यांनी डिजिटल लेव्हल रिमला टेकवून मोजलं. डावं उणे १, उजवं उणे २. मग शिम घालून-काढून दोन्हीकडे उणे १.५ आणलं. आकडे जुळले, पोरं खूश. मैदानावर नेली तर गाडी ओढायला लागली. आधी ओढत नव्हती!

मी विचारलं, "जमीन सपाट आहे का?" सगळ्यांनी खाली बघितलं. दिसायला सपाटच. पण पार्किंगची फरशी पाणी गटाराकडे जावं म्हणून उतरती केलेली असते. गवंड्याकडे असतो तसा पाणी भरलेला पारदर्शक पाइप धरून बघितलं, तर डाव्या चाकाखालची जमीन उजवीपेक्षा १० मिलिमीटर खाली. दोन चाकांत अंतर साधारण १२०० मिलिमीटर. १० भागिले १२००, म्हणजे जवळपास अर्धा अंश. गाडी डावीकडे अर्धा अंश कललेली होती, म्हणून डाव्या चाकाचा कॅम्बर अर्ध्या अंशाने कमी दिसला आणि उजव्याचा तेवढाच जास्त. मुळात दोन्ही चाकं उणे १.५ वरच होती! पोरांनी दोन दिवस घालवून बरोबर गाडी बिघडवली होती.

खात्री कशी करायची? गाडी उलटी फिरवा आणि पुढची चाकं त्याच दोन जागांवर आणा, फक्त आता डाव्याच्या जागी उजवं. आम्ही ढकलून फिरवली. डावं उणे २.५, उजवं उणे ०.५. दोन्ही स्थितींची सरासरी काढा: डावं उणे २, उजवं उणे १. ही गाडीची खरी अवस्था. दोन मापांतल्या फरकाचा अर्धा भाग हा जमिनीचा उतार. पाइपने मिळालेला अर्धा अंश इथेही निघाला, तेव्हा मला बरं वाटलं.

ही युक्ती सगळीकडे चालते. लेव्हलचं शून्य बरोबर आहे का? टेबलावर ठेवा, वाचा, त्याच जागी १८० अंश फिरवून पुन्हा वाचा. रिम वाकडी आहे का? चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोजायची वस्तू आणि मोजणारी व्यवस्था यांतली एकच गोष्ट उलटवली की दोघींचा वाटा सुटा होतो. तुमच्या स्पेक्ट्रोमीटरवर हे करता येत नसेल तर काय उलटवता येईल, हे गाइडच्या आधी स्वतःला विचारा.

खरी अडचण पुढे होती. मूळ शिम किती होते, ते कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. "लक्षात आहे," असं तिघं म्हणाले आणि तिघांचे आकडे वेगळे. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. (माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमधला एक आठवडा असाच गेलाय, म्हणून बोलले नाही.)

क्रम असा ठेवला. खालच्या चाकांखाली विनाइलच्या टाइल्स रचून चारही जागा एका पातळीत. टायरमधली हवा सारखी. सीटवर ड्रायव्हरच्या वजनाइतका भार. एपीएमसी मार्केट शेजारीच, तांदळाचं पन्नास किलोचं पोतं आणि वर एक पिशवी. जॅकवरून गाडी उतरवली की टायर जमिनीला घट्ट धरतात आणि सस्पेन्शन पूर्ण खाली बसत नाही. म्हणून प्रत्येक चाकाखाली दोन टाइल्स, मध्ये ग्रीस, आणि प्रत्येक मापाआधी गाडी दाबून हलवायची. मग गाडीची उंची, मग कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी. कारण टाय रॉडची लांबी तीच राहते. कॅम्बरसाठी चाकाचं वरचं किंवा खालचं टोक सरकवलं की टो आपोआप बदलतो. आधी टो लावाल तर ते काम वाया.

टोसाठी दोन्ही बाजूंना समांतर दोरे ताणले आणि दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने घेतलं. १३ इंची रिमवर एक मिलिमीटर फरक म्हणजे ०.१७ अंश. पट्टी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत विश्वासाने वाचता येते, तेव्हा वहीत ०.०३ अंश असं लिहू नका. एका पोराने लिहिलं होतं.

पहाटे तीनला डावं उणे १.५, उजवं उणे १.४. प्रत्येक माप तीनदा, दर वेळी गाडी हलवून, आणि तिन्ही आकडे वहीत. उजव्याचे आकडे मात्र ०.३ अंशाने विखुरलेले, डाव्याचे ०.१ ने. सरासरी ठीक दिसत होती म्हणून भाऊ आवरायला लागला. मी चाक वर-खाली धरून हलवलं, तर टक्‌ असा आवाज. वरच्या आर्मचा रॉड एंड ढिला झाला होता. तो सकाळी बदलला, पुन्हा मोजलं, विखुरणं ०.१ वर आलं. पोतं मात्र ग्रीसने माखलं, ते अजून आमच्याच घरी आहे.