धबधब्याकाठची शांतता

दिवाळी आली की आपण घराचा कानाकोपरा झाडून काढतो. माळ्यावरचे डबे खाली येतात, रद्दी विकली जाते, भिंतींना रंग लागतो. मनाची पाळी मात्र क्वचितच येते. ‘जरा निवांत झालो की पाहू,’ असे आपण म्हणतो आणि तो निवांतपणा काही येत नाही. नोकरी, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, वडीलधाऱ्यांची आजारपणे! एक सरले की दुसरे दारात उभेच. मग मनःशांती फक्त निवांत माणसांनाच मिळायची का?

या प्रश्नाचे उत्तर मला महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत सापडले. समर्थ रामदासांनी येथेच दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी श्रद्धा आहे. २० दशक आणि २०० समासांचा एवढा मोठा ग्रंथ जिथे झाला, तिथे किती शांत असेल, असे मनाशी म्हणत मी ऐन श्रावणात गेलो. पाहतो तो काय, घळीच्या तोंडाशी धबधबा असा कोसळत होता, की शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागे! प्रथम चीड आली. मग म्हटले, आवाज थांबणार नाही, आपणच थांबू. अर्धा तास मुकाट्याने बसलो. आवाज तेवढाच राहिला, चीड मात्र ओसरली.

समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले. त्यांत ते मनाला सज्जन म्हणून हाक मारतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आपण स्वतः मनाशी कसे बोलतो? ‘तुला कधी काही जमले आहे का?’ ‘लोक काय म्हणतील?’ घरी आलेल्या पाहुण्याला असे बोललो तर तो पुन्हा उंबरा चढणार नाही. समर्थ मनाचे दोष झाकत नाहीत, चांगले खडसावतात. पण आधी मान देतात. चांगला विचार करायचा म्हणजे खोटे गोड बोलायचे नव्हे. खरे तेच बोलायचे, पण आपुलकीने.

कोणी म्हणेल, हे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान झाले. म्हणून महाडच्याच माझ्या आत्याची हकिगत सांगतो. २२ जुलै २०२१ रोजी महाडला महापूर आला. आत्याच्या घरात पुरुषभर पाणी चढले. धान्य, कपडे, लग्नातले फोटो, सारे चिखलात गेले. पुढे मी विचारले, “आत्या, तू खचली नाहीस?”

“अरे, खचले नाही कशी? दोन दिवस नुसती रडत होते. तिसऱ्या दिवशी मनाला म्हटलं, बाई गं, सगळं घर आजच उपसायचं नाहीये. आज फक्त देव्हारा आणि ओटा. उद्याचं उद्या. आणि रात्री पडल्यावर, त्या दिवशी कोणकोण मदतीला आलं, त्यांची नावं आठवायची.”

त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही तोच घाला पडला. आत्या पुढे तळियेच्या एका ओळखीच्या बाईंना भेटून आली. “काय बोललीस?” मी विचारले. “काही नाही. हात धरून बसले. माझं सामान गेलं होतं रे, तिची माणसं गेली होती.” ‘चांगला विचार करा’ हा सल्ला स्वतःला द्यायचा असतो, दुसऱ्याच्या दुःखावर तो फेकायचा नसतो, हे मी तिच्याकडून शिकलो.

शांती म्हणजे मुकाट सोसणे, असाही एक गैरसमज आहे. तो दूर करायला महाडचेच चवदार तळे पुरे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी तेथले पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्यावर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. उलट वार करण्याचे बळ त्यांच्यापाशी होते. पण बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरले. हक्क मात्र सोडला नाही. लढा न्यायालयात गेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे! ज्याचे मन ताब्यात आहे, तोच इतका लांबचा पल्ला गाठतो.

महाडजवळच्या गांधारपाले येथे डोंगरात जुनी बौद्ध लेणी आहेत. बौद्ध साधनेत मनात काय उठते आहे याचे जागते भान ठेवायला सांगितले आहे. आजचे मानसोपचारही त्याचा उपयोग करतात. आपल्याला लेणे नको, घरातला एक कोपरा पुरे. सकाळी दहा मिनिटे बसावे आणि श्वासाकडे लक्ष द्यावे. विचार आला तर ‘ही काळजी’, ‘हा राग’ असे त्याला ओळखावे, भांडू नये, पुन्हा श्वासाकडे यावे. मग आजचे आपल्या हातातले एकच काम ठरवून उठावे. मात्र आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, अन्न गोड लागत नसेल, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

पुरानंतर आत्याने घराला नवा रंग दिला. पण दारामागे भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ तेवढी पुसू दिली नाही. दिवाळीत ती पहिली पणती त्या रेघेखाली ठेवते. “पाणी इथवर आलं होतं,” ती नातवंडांना सांगते, “आणि मग उतरलं.”