रात्री पायात येणारे गोळे : कारणे व उपाय

रात्री पोटरीत गोळा येण्याची तक्रार आमच्याकडे प्रामुख्याने ज्येष्ठ नागरिक व गर्भवती भगिनी मांडतात. बहुधा निश्चित कारण सापडत नाही. तथापि वाढते वय, लघवी वाढविणारी औषधे, मूत्रपिंड वा यकृताचे विकार यांचा संबंध आढळतो. गोळा येताच गुडघा सरळ ठेवून पाऊल स्वतःकडे ओढावे. प्रतिबंधासाठी झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाचा जमिनीवर ठेवून पोटऱ्यांना ताण द्यावा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात ५५ वर्षांवरील व्यक्तींना ताणाच्या व्यायामांचा सहा आठवड्यांत लाभ झाला. क्विनाईन मात्र परस्पर घेऊ नये. गंभीर दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये याविरुद्ध इशारा दिला. एकाच पायास सूज वा लाली आल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.