डॉक्टरांची भुवई

शुक्रवारची संध्याकाळ. कोथरूडमधल्या एका क्लिनिकमध्ये मी माझ्या मित्रासोबत बसले होते. (नाव नाही सांगणार, शपथ घातलीय त्याने.) आदल्या रात्री कंडोम फाटला होता आणि साहेबांची झोप उडाली होती. नेटवर वाचून त्याला एवढं कळलं होतं, की एचआयव्ही टाळण्यासाठी ‘पेप’ नावाची औषधं असतात. 72 तासांच्या आत सुरू करायची, जितकी लवकर तितकी चांगली, आणि 28 दिवस रोज घ्यायची. म्हणजे घड्याळ चालू झालं होतं.

डॉक्टरांनी ऐकलं आणि त्यांची भुवई वर गेली. ‘लग्न झालंय?’ नाही. ‘मग हे उद्योग कशाला?’ पुढची दहा मिनिटं संस्कार, आई-वडील आणि आजकालची पिढी. ‘पेप’चा विषयच नाही! ‘तीन महिन्यांनी टेस्ट करा’ म्हणून बोळवण झाली. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, ‘जाऊ दे, होईल ते होईल.’ दुसऱ्या डॉक्टरकडे यायला तो तयारच होईना.

शनिवारी दुपारी अक्षरशः ओढत नेला. या वेळी डॉक्टरबाई होत्या. केव्हा, कसा संबंध, जोडीदाराची टेस्ट झालीय का, एवढंच त्यांनी विचारलं. तेही सर्दी-खोकल्याबद्दल विचारावं तसं. रक्त तपासायला पाठवलं आणि चिठ्ठी लिहून दिली. विषय संपला.

मला भीती वाटते ती या दोन क्लिनिकमधल्या दिवसाची. टेस्ट असो, ‘पेप’ असो, की धोका असणाऱ्यांनी आधीच घ्यायची ‘प्रेप’ची गोळी असो, सगळ्याचा रस्ता डॉक्टरांच्या टेबलावरून जातो. तिथे आपण खरं बोललोच नाही, तर ते लिहून तरी काय देणार?

बरं, माहिती नसते असंही नाही. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के, हिपॅटायटिस-बीचा धोका त्याहून कितीतरी जास्त, हे त्यांच्या अभ्यासक्रमातच असतं. उपचारांनी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, की लैंगिक संबंधांतून लागण होत नाही, हेही आता पक्कं ठाऊक आहे. रुग्णाशी भेदभाव करायला मनाई करणारा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. तरी भुवई जायची तिथे जातेच.

मग ती खाली कशी आणायची? बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2010 च्या दशकात ‘दृष्टी’ नावाचा एक प्रयोग केला. नर्सिंगचे विद्यार्थी आणि वॉर्डातले कर्मचारी यांच्यासाठी टॅब्लेटवरची दोन सेशन्स, ज्याने-त्याने आपापली करायची. चारचौघांत विचारायला लाज वाटेल अशा शंका स्क्रीनसमोर निवांत फेडता येतात, हा मोठाच फायदा. प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये गैरसमज आणि भेदभाव करण्याची तयारी, दोन्ही कमी झालेलं दिसलं.

पण थांबा. ऑनलाइन ट्रेनिंगचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ऑफिसचं मेल येतं, आपण चहा पीत ‘नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट’ करतो आणि सर्टिफिकेट हजर! डॉक्टर काही वेगळ्या मातीचे नसतात. म्हणून ‘दृष्टी’तलं तिसरं सेशन मला सगळ्यात आवडलं. ते समोरासमोर व्हायचं, आणि घेणाऱ्यांपैकी एक जण स्वतः एचआयव्हीसह जगणारा असायचा. त्याच्यासमोर ‘नेक्स्ट’ कुठे दाबणार? असे कोर्स नर्सेसपुरते न ठेवता गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांपर्यंत न्यायला हवेत, तेही या तिसऱ्या सेशनसकट.

मित्राने 28 दिवस एकही गोळी चुकवली नाही. नंतरची टेस्टही निगेटिव्ह आली. परवा त्याचा मेसेज आला, ‘त्या डॉक्टरबाईंचा नंबर पाठव ना. ऑफिसमधल्या एकाला हवाय.’